रेजायनाच्या कपाळावरची नदी

जनावरांच्या डॉक्टरनं घोडीच्या मानेवरून यंत्र दोनदा फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली. कातडीखालच्या चिपचा नंबर रेजायनाच्या कागदांशी जुळत नव्हता.

"म्हणजे ही रेजायना नाहीच," सुमेधा रणपिसे म्हणाली.

सुमेधानं वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले होते. आता दुबईत, करामातल्या घरून ती लोकांच्या खासगी भानगडी उकलून द्यायची. तिचा नवरा राजन गाडी चालवायचा आणि, त्याच्या मते, मदतही करायचा.

अल ऐनच्या या तबेल्यात आज विली परेराची आठवण जागवायला माणसं जमणार होती. विली मूळचा वसईचा. ऐन तिशीत कॅनडाला गेला, तिथल्या प्रेअरीत, म्हणजे नजर पोचणार नाही एवढ्या गवताळ मैदानात, त्यानं चाऱ्याचा धंदा उभा केला. तोच चारा जहाजानं आखातात पाठवता पाठवता एक दिवस स्वतःही इथे येऊन राहिला. माणसांशी बेताचं बोलायचा, घोड्यांशी पोटभर. महिन्याभरापूर्वी तो अबुधाबीच्या इस्पितळात वारला.

रेजायनाला परत प्रेअरीत ने, असं त्यानं लेकीला पत्रात लिहून ठेवलं होतं. त्यासाठी सोफिया नऊ वर्षांनी इथे आली होती. घोडी देशाबाहेर न्यायची म्हणजे चिप तपासणं आलंच. कालच्या तपासणीनंच सगळा घोळ उघड केला, म्हणून सोफियानं सुमेधाला बोलावून आज पुन्हा तपासायला लावलं होतं.

"अंकल केनेथ म्हणतात, अबरारचाचांनी लीव्हवर जायच्या आधी तिला विकलं," सोफिया म्हणाली. "संध्याकाळी पोलिसांना बोलावणार आहेत. मॅडम, मला घोड्यावर बसायला चाचांनी शिकवलंय. त्यांनी असं केलं असेल, तर मग मी कुणावर विश्वास ठेवायचा?"

"शेवटी काय बोलले तुझे डॅडी?"

"फोनवर एकच वाक्य. 'सोफी, नदी उलटी वाहतेय.' नर्स म्हणाली, औषधांमुळे भ्रम झालाय."

गेटबाहेर कुंपणालगत मांडलेल्या टेबलावर फुलांच्या हारात विलीचा मोठा फोटो ठेवला होता. त्यानंच स्वतःच्या जुन्या फोनवर काढलेला सेल्फी. एका हातात फोन, दुसरा हात घोडीच्या कपाळावर.

"बिचाऱ्याच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती वाटतं," राजन म्हणाला.

"प्रेअरीच्या थंडीनं खाल्ली," सोफिया म्हणाली. "लग्नाची अंगठी त्याच हातात असायची, डाव्या. मी लहानपणी त्या अर्ध्या बोटाला धरून चालायचे."

राजनचं लक्ष एव्हाना समोशांकडे गेलं होतं. सुमेधा मात्र फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

मग तिनं एकेकाला गाठलं.

अबरार मुलतानचा, बारा वर्षं रेजायनाचा खरारा करणारा. गवताच्या गठ्ठ्यावर डोकं धरून बसला होता. मुलीच्या लग्नासाठी तो चाळीस दिवस गावी गेला होता आणि तिथे असतानाच मालक गेल्याचं त्याला कळलं.

"मॅडम, परसों आया, देखते ही बोला, ये मेरी बच्ची नहीं है. चेहरा ही अलग है. केनेथसाब बोले, चोर उल्टा शोर मचाता है. बस, खलास. उसके बाद मैं कुछ नहीं बोला."

राजन हळूच जाऊन घोडी बघून आला. "सुमेधा, हा थापा मारतोय. मी फोटो शेजारी धरून पाहिलं, डिट्टो तीच! कपाळावरचा पांढरा पट्टा खाली येऊन घोडीच्या डाव्या नाकपुडीकडे वळतो. फोटोतही तसाच."

"शाब्बास," सुमेधा म्हणाली. राजनला शाब्बासकी क्वचितच मिळायची, त्यामुळे तो खूश झाला. ती कशाबद्दल होती, हे त्याला कळलं नाही.

विलीची बायको मिल्ड्रेड ही सोफियाची सावत्र आई. घोड्याच्या केसांनी तिला दमा व्हायचा.

"मी कधी गेटच्या आत गेले नाही. गाडीत काच लावून बसायची. रेजायना कुंपणावरून मान काढून माझ्याकडे बघायची. दहा वर्षं आम्ही दोघी अशा काचेतून एकमेकींकडे बघत आलो. ही झूल मी तिथेच बसून भरली, तिला समोर बघत."

झुलीवर रेशमाच्या टाक्यांनी घोडीचं तोंड भरलेलं होतं. राजन सुमेधाच्या कानाशी लागला. "बाईंचं चुकलं. पट्टा उजव्या नाकपुडीकडे वळवलाय."

"त्या पट्ट्याला विली नदी म्हणायचा," मिल्ड्रेड डोळे पुसत म्हणाली. "तिकडच्या कुठल्या नदीसारखं वळण आहे म्हणे. इस्पितळात केनेथ त्याला तिचे ताजे फोटो दाखवायचा. तेवढाच त्याला आनंद."

केनेथ, विलीचा धाकटा भाऊ, अबुधाबीचं ऑफिस सांभाळायचा. आजचं भाषणही तोच करणार होता.

"दर संडेला मी इथे असायचो. तिच्या तोंडावरून हात फिरवल्याशिवाय दादा मला चहा द्यायचा नाही."

"मग पट्टा कुठे वळायचा, सांगा बरं?"

"डाव्या नाकपुडीकडे. पहिल्यापासून. फोटोत बघा की!"

"बघितला," सुमेधा म्हणाली. "पाहुणे यायच्या आत घरची माणसं फोटोपाशी जमू द्या. यल्ला, चल राजन, अबरारलाही बोलाव."

सगळे जमले. सुमेधानं फोटो हातात घेतला.

"सोफिया, डॅडींची कुठली करंगळी नव्हती?"

"डावी."

"आणि फोटोत?"

सोफियानं फोटो जवळ ओढून पाहिला. "उजवी."

"जुन्या फोनचा समोरचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो ठेवायचा. विलीचा डावा हात यात उजवा झाला, तशी घोडीच्या कपाळावरची नदीसुद्धा फिरली. खऱ्या रेजायनाचा पट्टा उजव्या नाकपुडीकडे वळतो. मिल्ड्रेडबाईंनी दहा वर्षं काचेतून पाहिला, म्हणून झुलीवर तो बरोबर उतरला. अबरारनं बारा वर्षं रोज हातानं पुसला. या दोघांपैकी कुणी बदली घोडी आणली असती, तर बरोबर बाजूची आणली असती. चूक कोण करेल? जो हा फोटो घेऊन घोडी शोधत हिंडला, कारण खरी घोडी त्यानं कधी नीट पाहिलीच नव्हती."

राजनच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. ती शाब्बासकी याची होती तर!

"आणि दर संडेला तिच्या तोंडावरून हात फिरवणारे तुम्ही, केनेथ, आत्ता मला 'डाव्या' म्हणालात. पहिल्यापासून."

केनेथनं आधी अबरारकडे बोट दाखवायला हात उचलला, पण तो अर्ध्यातच खाली आला.

"एका बड्या माणसाला तिची शिंगरं हवी होती," तो पुटपुटला. "त्यांच्या कंपनीत मला डायरेक्टर करणार होते. दादा तर जाणारच होता, अबरार गावी होता. मला वाटलं, तबेल्यात नुसत्या उभ्या असलेल्या घोडीची चिप कोण बघणार? ती रास अल खैमाला आहे. सुखरूप आहे. निदान दादाला तरी कळलं नाही."

"कळलं होतं," सुमेधा म्हणाली. "तुम्हीच दाखवलंत. ताजे फोटो म्हणून नव्या घोडीचे फोटो त्याच्यासमोर धरलेत. त्यानं नदी उलटी वाहताना पाहिली."



"त्यानंतरही सहा दिवस तो माझा हात धरून झोपायचा," केनेथ म्हणाला. "एक शब्द बोलला नाही मला."

मिल्ड्रेडनं त्याच्याकडे पाठ केली. राजनला त्या माणसाची कीव यायला हवी होती, पण आली नाही. पाठच्या भावानं मरणाऱ्याच्या उशाशी बसून गळा कापला, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

सोफिया रडत होती. "मला सांगितलं होतं ना डॅडींनी. सरळ सांगितलं होतं. मलाच कळलं नाही. मी पण तिला फोटोतच बघत आले."

मग ती उठली आणि अबरारसमोर जाऊन उभी राहिली. "चाचा, माफ करो. मैंने पूछा भी नहीं आपसे. दिखाओ ना, नदी किधर जाती थी?"

अबरारनं आधी हात पायजम्याला पुसला. मग कुंपणावरून मान काढलेल्या त्या परक्या घोडीच्या कपाळावर बोट ठेवलं, खाली आणलं आणि पांढरा पट्टा सोडून तिच्या उजव्या नाकपुडीकडे वळवलं, जिथे नुसते तांबूस केस होते.

"इधर, बेटी," तो म्हणाला.