अर्थ सांगू नये असं गाणं

सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या सोसायटीने ज्येष्ठांचा सत्कार रविवारी सकाळी ठेवला होता. सुचेताबाईंनी ईश्वररावांच्या सदऱ्याला इस्त्री केली, चष्मा पुसून दिला आणि पुन्हा एकदा बजावलं, "त्या गाण्याबद्दल कुणी विचारलं तर नुसता नमस्कार करायचा."

"अगं, आजवर तेच करतोय ना," ते म्हणाले.

तरुणपणी दादरच्या चार पोरांनी 'कॉपर लँटर्न्स' नावाचा रॉक बँड काढला होता. गिटार ईश्वररावांची, शब्दही त्यांचेच. 'सॉल्ट हाउस' हे त्यांचं इंग्रजी गाणं तेव्हा कॉलेजाकॉलेजांतून गाजलं. मिठाच्या घरात एक माणूस बसलाय आणि बाहेर भरती येतेय, एवढंच त्यात होतं. अर्थ ज्याने त्याने आपापला लावला.

ड्रमवाला राघो सांगत सुटला, हात आपलं ऐकेनासे होतात, त्याचं हे गाणं. वर्ष सरायच्या आत त्याच्या बोटांतून काठ्या गळायला लागल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही. बँडमधल्याच बाबाजीने एका मासिकाला सांगितलं, घराची वाट विसरलेल्या माणसाचं आहे. तो पाव आणायला म्हणून उतरला आणि थेट वलसाडला सापडला, परक्या दारावर थापा मारताना. आत आपली आई आहे म्हणत होता.

तेव्हाच सुचेताबाईंनी नवऱ्याकडून शब्द घेतला, गाण्याचा अर्थ कधी सांगायचा नाही. ईश्वररावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण शब्द त्यांनी पाळला.

नात मिनल मोबाइल दाखवायची. गाण्याखाली लोकांनी शेकडो अर्थ लिहिले होते. कुणाला ते युद्धाचं वाटे, कुणाला व्यसनाचं. सुचेताबाईंनी एकदा हळूच विचारलं, "ही माणसं बरी आहेत ना गं?"

"आजी, ते कुठे परत येतात लिहायला?" मिनल हसली होती.

हॉलमध्ये पंखे घरघरत होते, सांबाराचा वास सुटला होता. सेक्रेटरी नीलमने ईश्वररावांना शाल-श्रीफळ दिलं आणि स्पीकरवर 'सॉल्ट हाउस' लावलं. गाणं संपताच खुर्च्याखुर्च्यांतून अर्थ निघू लागले. एक गुजराती काका म्हणाले, हे आपल्या भाईंदरच्या मिठागराचंच आहे. सगळे हसले.

"काका, सस्पेन्स पुरे. आता तुम्हीच सांगा ना," नीलमने माइक पुढे धरला.

ईश्वररावांनी हसून नमस्कार केला. माइक हलला नाही. सुचेताबाई पहिल्या रांगेतून नको नको अशी मान हलवत होत्या. उठायला गेल्या, तर गुडघा अडला.

"साधं प्रेमाचं गाणं आहे हो," ईश्वरराव म्हणाले. "बायको शेजारीच बसलेली असते आणि हा तिला जन्मभर शोधत असतो."

टाळ्या पडल्या.

ते स्टेजच्या पायऱ्या उतरून आले, नेहमीसारखे सावकाश. त्यांची नजर सुचेताबाईंवरून गेली. थांबली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या.

त्यांनी मागच्या रांगा पाहिल्या, दार पाहिलं. मग सुचेताबाईंशेजारच्या आपल्या खुर्चीत बसले.

"विमलाबाई, सुचेता कुठे दिसली का?"

पलीकडच्या विमलाबाई हसल्या. "काय काका, मस्करी करता."

ते हसले नाहीत.

रिकाम्या खुर्चीवर ठेवावा तसा त्यांनी नारळ सुचेताबाईंच्या मांडीवर ठेवला. तो घरंगळला. सुचेताबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

पडता पडता मध्येच थांबलेल्या त्या नारळाकडे ईश्वरराव बघत राहिले. मग त्यांनी आपली खुर्ची हळूच लांब सरकवली.