इगर्जीच्या दोराची गाठ

धोंडी आमच्या कळंबचा, माझ्या चुलत्याचा सोबती. पदरचं काही जोडून सांगणारा गडी नव्हे. सरका जवळ. कंदील असू द्या तसाच.

मोठ्या लढाईची वर्षं. पौषातली अमावास्या. धोंडीनं गाडीभर कोळसा पनवेलपलीकडं खाडीवर उतरवला, परतीला मिठाची पोती भरली. निघता निघता पोती आवळायचा दोर तुटला. बंदरालाच किरिस्तावांची जुनी इगर्जी, खलाशांचं प्रार्थनाघर. ओसरीच्या खांबाला जाड दोर लोंबत होता. मधोमध एकच गाठ.

"चांगला दोर वाया घालवलाय लेकांनी," म्हणत धोंडीनं तो काढला. गाठ कडक. दातानं सोडवली. पोती बांधली. उद्या परत आणून देऊ म्हणाला.

चौक गावाच्या पुढं रस्ता सपाट, तरी बैल फेस गाळू लागले. गाडी जड झाली. मागं टप... टप...

धोंडी वळला. पोत्यांवर कोणी बसलेलं. पाठमोरं. निथळत.

"कोन रं?"

...

"कोन हाय?"

"गाठ सुटली. म्हंजी मी घरला आलो." मग हळूच, "पन ह्यो रस्ता माज्या घरचा न्हाय."

धोंडीनं बैल फिरवले. मागं बघितलं नाही. रामनामही ओठांवर येईना. टप... टप... सारी वाट.

उजाडता इगर्जी आली. पोत्यांवर कोणी नव्हतं. ओसरीत तिथलीच एक किरिस्ताव म्हातारी, फिलूबाय, रिकामा खांब चाचपत उभी.

"दोर कुनी नेला रं? दर्यावर जाताना आमचे बापये त्याला गाठ मारतात. परत आला की ज्याची त्यानंच सोडायची. बाकीच्यांच्या सुटल्या. माज्या लेकाची, इनासची तेवढी हाय. ती हाय तवर तो येनार हाय."

धोंडी गाडीवरून उतरला. "मीच नेला, माय. पोती बांधाया. गाठ..."

सोडलेली गाठ परत कशी मारायची? त्याला येत होती ती दाव्याची गाठ. खाली मान घालून त्यानं पोत्यांवरचा दोर ओढून काढला, तिच्यापुढं धरला.

फिलूबायनं दोर हातातून सरकवला. मधोमध बोटं थांबली.

"हाय," ती हसली. "हाय रं बाबा. तीच. त्याच्याच हातची."

धोंडीनं पाहिलं. मधोमध गाठ होती. ओली.

त्यानं दोर खांबाला अडकवून दिला. फिलूबाय पुसत होती, तरी गाठीखालचा दगड काही सुकेना.