पिठातलं तिसरं पाऊल

बन्सी मास्तर जाऊन तिसरा दिवस होता. त्यांची बायको आवडाबाई ज्वारीचा डबा घेऊन छावणीतल्या शौकतभाईच्या गिरणीवर गेली.

"बारीक दळा भाई. एकदम बारीक."

"चूल तर बंद असंल ना भाभी? किसके वास्ते?"

"मास्तरांसाठी."

शौकतभाईचा हात थांबला. "मास्तरसाब असते तर लई हसले असते."

व्हय, हसलेच असते. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. घरातल्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला तक्ता होता, ओळीनं पाच पावलांचा. पहिलं माकडाचं, अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फुटलेला. पाचवं माणसाचं. लेक सुदर्शन जन्मला तेव्हा त्याच्या पायाच्या तळव्याला बोट लावून म्हणाले होते, "बघ आवडे, कसं आवळतंय! आईच्या केसाळ अंगाला धरायची जुनी खोड आहे ही. अजून गेली नाही."

"मग मेल्यावर माणूस जातो कुठं?" ती विचारायची.

"कुठंच नाही."

हे 'कुठंच नाही' चाळीस वर्षं तिच्या घशात अडकलेलं. शेवटच्या दुखण्यात मास्तरच हसून म्हणाले, "पीठ तर तू पसरशीलच. पसर. काय उमटलं तर तू जिंकलीस."

रीत जुनीच. जिथं जीव गेला तिथं पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा, वर टोपलं झाकायचं. सकाळी ज्याचं पाऊल उमटेल तो पुढचा जन्म. सून मोनिकाला नववा सरत आलेला. माणसाचं उमटावं, मास्तर घरातच परत यावेत, एवढंच आवडाबाईचं मागणं.

सांजेला तिनं पीठ पसरलं. ज्वारी पाचोडच्या बाजारातली, जराशी कडू निघालेली. पहिल्या घासाला मास्तर तोंड वाकडं करायचे. टोपल्यावर तिनं वरवंटा ठेवला, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून बसली. दिवेलागण उलटली तसा फटीतून वास यायला लागला. भिजलेल्या केसांचा. मग टोपल्याच्या काड्या करकरल्या... एकदाच. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

उजाडल्यावर आत गेली. वरवंटा जागेवर होता. टोपलं उचललं.

पाऊल उमटलं होतं. एकच. तळहाताएवढं. टाच माणसाची, पण अंगठा... बोटांपासून सुटलेला. तिनं दिवा उचलून तक्त्याजवळ नेला. पहिलं नव्हतं. पाचवंही नव्हतं. तिसरं होतं. ना माकडाचं, ना माणसाचं. अर्ध्या वाटेवरचं.

"मास्तर," ती पुटपुटली, "तुम्ही येताय... का परत चाललाय...?"

"आई, उमटलं का काय?" बाहेरून सुदर्शननं विचारलं.

तिनं पीठ पालथ्या हातानं पुसून टाकलं. "उमटलं बाबा. माणसाचं."

जन्मात लेकाशी खोटं बोलली नव्हती ती. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून मोनिकाची हाक आली. "आई... कळ आली..."

दुपारी नातू झाला. दवाखान्यात नर्सबाईनं आवडाबाईला आधी साबणानं हात धुवायला लावले, मग कापडात गुंडाळलेलं लेकरू पुढं केलं. लेकराच्या पावलाचा निळा ठसा कागदावर घेतलेला होता. आवडाबाईनं आधी तो कागद मागितला.

"काय आजी! लोक तोंड बघतात, तुम्ही पाय काय बघताय?"

ठशात पाची बोटं एका ओळीत. अंगठा बोटांना लागून. आवडाबाईला हुंदका फुटला, मग हसूच आलं. मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा. तिनं कापड सारलं, इवल्याशा तळव्याला बोट लावलं. पंजा आवळला.

"खोड गेली नाही बघा अजून," ती म्हणाली.

मग बोट काढायला गेली. निघेना.

"सोड रे सोन्या... सोड की..."

"सगळीच लेकरं आवळतात आजी," नर्सबाई हसली.

सुटलं तेव्हा बोटाला पांढरं लागलेलं होतं.

"जन्मताना असतं तसलं अंगावर. पुसते मी." नर्सबाई बोळा आणायला वळली.

पण ते चिकट नव्हतं. कोरडं होतं. लेकराच्या पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात भरलेलं. पंजा अजून मिटत होता, उघडत होता. धरायला काहीतरी शोधत होता.

आवडाबाईनं बोट जिभेला लावलं.

ज्वारी होती. जराशी कडू.