चौदाव्या प्रकरणाचे झाकण

गुरुवारी दुपारी महिला मंडळाच्या वाचनवर्गात गाणे झाले, प्रार्थना झाली आणि सरोजिनी वैरागर यांनी सवयीप्रमाणे घसा साफ करून पुढच्या प्रकरणात काय काय आहे ते सांगायला सुरुवात केली. एखादे वाक्य झाले असेल नसेल, तोच पाळकांच्या पत्नी सुनंदाबाई हसून म्हणाल्या, "सरोजताई, आता तुम्ही कशाला त्रास घेता? चाहूल सांगते ना सगळं."

सरोजिनीबाई खाली बसल्या. सगळ्याजणींच्या मांडीवर पडद्यावर पुस्तक दाखवणाऱ्या वाचनपाट्या होत्या आणि प्रत्येकीची पाटी जिची तिला वेगळे काहीतरी सांगत होती.

राहुरीच्या या बायकांना जुन्या काळच्या ख्रिस्ती प्रेमकथांचे भारी वेड. दीडशे वर्षांपूर्वीचा दुष्काळ, मिशनच्या आश्रमात वाढलेली पोर, गावोगाव सुवार्ता सांगत हिंडणारा तरुण मास्तर आणि शेवटी चर्चमध्ये लग्न, एवढे असले की त्यांचे भागे. पण गोष्ट कितीही गोड असली तरी दुष्काळ तो दुष्काळ. त्यात माणसे मरत, सासवा छळत, पटकी येई. म्हणून मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली हाती आल्यापासून सरोजिनीबाई प्रत्येकीला पुस्तक देताना दोन शब्द सांगत. "यात सासू वाईट आहे, पण शेवटी सुधारते." "यात बैल मरतो. तुला चालेल, मालनला देऊ नकोस." कोणाला काय सोसते हे त्यांना तोंडपाठ होते आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. आता ते काम यंत्राकडे गेल्यावर त्या जरा फुरंगटल्या असतील, तर त्यात नवल नाही.

चाहूल म्हणजे पाटीच्या कडेला बसवलेली बोटभर रुंदीची पट्टी. वाचताना अंगठा तिच्यावर टेकवायचा. अंगठ्याची नाडी, घाम आणि अगदी बारीक थरथर ती टिपते. डोळे शब्दांवरून धावतात, पण मनाला कळायच्या आधी अंग दचकते. त्या दचकण्याची नोंद ठेवत ठेवत पट्टी वाचणाऱ्याला ओळखू लागते. मग पुढच्या पानांतले प्रसंग आधीच ताडून पाहते आणि जे झेपणार नाही त्यावर झाकण घालते. झाकण म्हणजे करड्या रंगाचे कोरे पान आणि त्यावर आत काय आहे ते सांगणारी एक ओळ. ते एकटीला उघडता येत नाही. शेजारी दुसऱ्या माणसाने, म्हणजे सोबत्याने, आपला अंगठा ठेवावा लागतो. ज्याने दुखते ते माणसाने एकट्याने वाचू नये, असे बनवणाऱ्यांचे म्हणणे होते, आणि ते काही चुकीचे नव्हते.

चूक केली ती मंडळाने. सुरुवातीला पट्टीने प्रत्येकीला विचारले होते, तुम्हाला कशाचा त्रास होतो? आता असल्या प्रश्नाला कोण सरळ उत्तर देणार? तेव्हा सुनंदाबाईंनी युक्ती काढली. दर गुरुवारी बायका प्रार्थनेसाठी जे जे विषय देत, ते सगळे त्यांनी चाहुलीला वाचून दाखवले. दुःखे तीच, देवाला सांगितलेली. यंत्राला सांगायला काय हरकत? त्याचे परिणाम मजेदार झाले. साखरेच्या आजारासाठी प्रार्थना मागणाऱ्या मालनबाईंना "या पानावर नाताळच्या करंज्या आहेत" असा इशारा येऊ लागला. खुद्द सुनंदाबाईंनी एकदा मंडळाच्या शुद्ध आचरणासाठी प्रार्थना मागितली होती, तर त्यांच्या पाटीवर आले, "या प्रकरणात चुंबन एक. लग्नानंतर. कपाळावर." त्या दिवशी वर्ग अर्धा तास हसत होता.

सरोजिनीबाईंचे लक्ष मात्र रिबेकाकडे असे. रिबेका उजगरे लग्न होऊन राहुरीत आलेली सर्वांत लहान सून. गेल्या उन्हाळ्यात, दिवस भरत आले असताना, तिचे पहिले बाळ पोटातच गेले. मंडळाने तिच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली, पाळीपाळीने डबे पोचवले. आणि वर्गात सध्याची सगुणा आणि मास्तरची कादंबरी वाचायला काढली तेव्हा सरोजिनीबाईंनी तिला बाजूला घेऊन बजावले होते, "अकरावं प्रकरण सोडून दे गं. त्यात सगुणाचं बाळ जातं. बाप त्याला हातात घेऊन दफनभूमीकडे चालत जातो. मला म्हातारीला वाचवेना."

तिच्या पाटीवर अकराव्यावर झाकण येणार, याची त्यांना खात्री होती. आले नाही. आपल्या यंत्राला काळीज नाही, असे त्या दोघीचौघींना सांगत फिरल्या. पण रिबेकाने ते प्रकरण एका बैठकीत वाचले, भरपूर रडली आणि पुढच्या गुरुवारी त्यांना म्हणाली, "मावशी, मला बरं वाटलं. सगुणाही माझ्यासारखीच दुधानं भिजलेला पदर लपवायची." सरोजिनीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आणि आज चौदावे प्रकरण उघडायची वेळ आली, तेव्हा रिबेकाच्या पाटीवर करडे पान आले.

"अगं बाई, चौदाव्यावर?" मालनबाई वाकून बघत म्हणाल्या. "चौदावं तर सगळ्यांत गोड. मास्तर सगुणाचे केस विंचरतो ते."

"बिघडली चाहूल," सुनंदाबाई म्हणाल्या. "काय लिहिलंय बघू?"

रिबेकाने पाटी छातीशी धरली, पण मालनबाईंनी ओळ आधीच वाचली होती आणि त्या ती मोठ्याने म्हणाल्या. "या पानांत नवरा बायकोशी मायेनं बोलतो." बायका हसल्या. नव्या नवरीला लाज वाटते म्हणून यंत्रालाही लाज वाटली, असे कोणी म्हणाले. रिबेकाही हसली. ते हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही, हे फक्त सरोजिनीबाईंनी पाहिले. कोणाला काय दुखते हे त्यांनी जन्मभर विचारले होते. एखाद्या बाईला गोड पान दुखू शकते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

वर्ग सुटल्यावर दोघी मागच्या नळावर कप विसळत होत्या. रिबेका खाली बघत म्हणाली, "मावशी, तुमचा अंगठा द्याल? मला ते प्रकरण वाचायचंय."

"शमू तुझ्याशी बोलत नाही का गं?"

"बोलतात की. भाजी काय आणू, पाणी आलं का, पंपाचं काम कुठं आहे. सगळं बोलतात." तिने कप पालथा घातला. "बाळाबद्दल एक शब्द नाही. मी दवाखान्यातून आले तेव्हापासून नाही. हात धरला नाही की रडले नाहीत. त्यांच्या लेखी काही झालंच नाही, मावशी. मग पुस्तकात कुणी बायकोशी नीट बोलायला लागलं की माझा जीव घाबरा होतो."

रिबेकाच्या नवऱ्याला, शमुवेलला, सरोजिनीबाईंनी रविवारच्या शाळेत शिकवले होते. शेतावर सौरपंप बसवायचे त्याचे काम. अबोल, सरळ पोरगा. त्याला चार शिव्या द्याव्यात असे त्यांना वाटले. अंगठा देणेही सोपे होते. दिला असता तर रिबेकाने त्यांच्या कुशीत रडत ते प्रकरण वाचले असते आणि मंडळातल्या माणसाची माया यंत्राहून मोठी, हेही सिद्ध झाले असते. त्यांनी ओला हात पदराला पुसला, पुढे केला आणि मागे घेतला.

"माझा अंगठा घेऊन वाचशील आणि घरी जाऊन पुन्हा भाजीचंच बोलशील," त्या म्हणाल्या. "शमूचा माग."

"ती ओळ वाचली तर त्यांना काय वाटेल? तक्रार केल्यासारखं होईल. आता निदान घरात भांडण तरी नाही."

"होईल भांडण. होऊ दे." मग त्यांचा आवाज उतरला. "नाहीच मागता आलं तर माझ्याकडे ये. मी कुठं पळून जात नाही."

ज्याने कधी पट्टी वापरली नाही, त्याचा अंगठा तिला असाच चालत नाही. अशा सोबत्याने आधी थोडे पुस्तक स्वतः वाचून पट्टीला आपली ओळख करून द्यावी लागते. रिबेकाने नवऱ्याला एवढेच सांगितले की एक पान उघडायला मदत हवी आहे, त्यासाठी सुरुवातीपासून वाचा. कारण त्याने विचारले नाही. कामावरून आला की तो ओट्यावर बसून पाटी वाचायचा. वाचता वाचता एकदा तो चक्क हसला, मास्तर टांग्यातून पडतो तिथे. रिबेका आतून ऐकत होती. हसण्याच्या त्या आवाजाचा तिला विसर पडला होता.

मग एका संध्याकाळी त्याने पाटी कोनाड्यात ठेवून दिली आणि पुन्हा उचलली नाही. रिबेका वाट बघत राहिली. याला कंटाळा आला, आता काही खरे नाही, असे तिने मनाशी धरले. सरोजमावशींकडे जायचेही तिने ठरवून टाकले.

रविवारी चर्चहून आल्यावर तोच पाटी घेऊन स्वयंपाकघरात आला. ती कांदा चिरत होती.

"तुझं पान उघडायला मी उपयोगाचा नाही," तो म्हणाला. "माझंच बंद झालंय."

तिने हात पुसून पाटी घेतली. अकरावे प्रकरण, करडे पान आणि त्यावर ओळ. "या पानांत एक बाप आपलं गेलेलं बाळ हातात घेऊन चालतो." त्याच्यासाठी कोणी कसला प्रार्थनेचा विषय दिला नव्हता. यंत्राला त्याच्याविषयी कोणीच काही सांगितले नव्हते. जे कळले ते त्याच्या अंगठ्यातून.

"मला वाटलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही," रिबेका म्हणाली.

तो दाराच्या चौकटीला टेकला. "पाळकसाहेब म्हणाले, आण, मी धरतो. मी दिलं नाही. एवढंसं होतं. रस्त्यात ऊन लागेल म्हणून मी त्याच्या तोंडावर रुमाल धरला. ऊन लागेल म्हणून." मग म्हणाला, "घरी येऊन तुला काय सांगणार? तू इतकी अशक्त होतीस. म्हटलं, विषय काढला तर तुला आणखी त्रास. आणि मग काढायचा राहूनच गेला."

रिबेका रडत होती. कांद्यामुळे असे म्हणायची सोय होती, पण तिने तसे म्हटले नाही. तिने आपले प्रकरण काढून पाटी त्याच्यासमोर धरली. त्याने ती ओळ वाचली. परत वाचली.

"याचा तुला त्रास होतो?"

"हो."

"मी बोललो नाही म्हणून?"

"हो," ती म्हणाली. आपल्याला भीती वाटत नाही, याचे तिला आश्चर्य वाटले.

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. शमुवेलने एक पाट सरकवला, दुसरा त्याच्या शेजारी मांडला आणि तिला खाली बसवले. पाटी दोघांच्या मध्ये होती. एका पानाला तिचा अंगठा हवा होता, दुसऱ्याला त्याचा, आणि पाटी एका वेळी एकच पान उघडणारी. त्याचे पान उघडून घ्यायला तो तयार आहे का, हे तिला कळेना. कदाचित त्यालाही कळत नव्हते. पाटीत न मावणारे बरेच काही त्या दोन पानांमागे होते, आणि तिथे चाहूल देऊन सावध करणारे कोणी नव्हते.

त्याने आपला हात पुढे केला. तो थरथरत होता आणि ते ओळखायला पट्टीची गरज नव्हती. रिबेकाने तो दोन्ही हातांत धरला.

"अहो," तिने विचारले, "आधी कुणाचं उघडायचं?"