काढलेले श्वास

माझी धाकटी बहीण चिमी तोंडाला रंग लावते आणि लोक ते बघतात, हे आईला समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. "बघून काय करतात?" हा तिचा प्रश्न. याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. पण चिमीचे मेकअपचे व्हिडिओ लोक बघायचे आणि इतके बघायचे, की शेवटी मी बरी चाललेली नोकरी सोडली आणि तिचं एडिटिंग करायला घरी बसले.

मागची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. खिडकीला जाड पडदा, टेबलावर गोल दिवा, दिव्याच्या मधोमध मोबाइल आणि समोर पाठ नसलेलं स्टूल. खुर्ची दिली की चिमी रेलायची आणि रेलली की तिला हनुवटीखाली आणखी एक हनुवटी यायची. फाउंडेशन थोपटत, आयलायनर ओढत ती बडबडायची. मध्येच विसरायची, नाक खाजवायची, मग गालावरचा रंग पुसला गेला म्हणून स्वतःलाच चार शब्द सुनावायची. शूटिंग संपलं की मोबाइल माझ्या हातात कोंबून म्हणायची, "ताई, श्वास काढ."

हा आमचा घरगुती शब्द. बोलताना माणूस थांबतो, आवंढा गिळतो, श्वास घेतो. बघणाऱ्याला तेवढाही धीर नसतो. तेवढ्या फटीत त्याचा अंगठा सरकतो आणि चिमीच्या जागी कुणाचं तरी मांजर येतं. म्हणून एक वाक्य संपतंय न संपतंय तोच पुढचं जोडायचं आणि मधलं सगळं कापायचं. या कामात माझा हात चांगलाच बसला होता. कापलेले तुकडे मात्र मी पुसून टाकत नसे. मला जुन्या चपलासुद्धा टाकवत नाहीत. ते सगळे 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये पडून असायचे.

मग सौंदर्यप्रसाधनांच्या एका मोठ्या कंपनीनं चिमीला वर्षभराच्या कामासाठी विचारलं. त्यांना तिचा वेग आवडला होता. अजून थोडं घट्ट करा, एवढंच त्यांचं म्हणणं. चिमी हरखून गेली, मीही गेले. त्यानंतर मी आणखी बारीक कापायला लागले. पापण्यांची उघडझापही ठेवली नाही.

पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. जेवताना ती चिमीकडे बघत होती. मग मला हळूच म्हणाली, "ही घास गिळते कधी?" मी हसले. नंतर मीही बघत बसले. चिमी बोलत होती, चमचा तोंडाकडे जात होता, ताट रिकामं होत होतं आणि तिचं वाक्य कुठंही तुटत नव्हतं. एरवी तिला मध्येच टोकून चिडवण्यात मी पटाईत. त्या दिवशी मला एक शब्द घुसवायलाही जागा सापडली नाही.

पुढच्या आठवड्यात ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि मग माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. मधलं चालणं मला दिसलंच नाही. दिवसभर कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसल्यावर दुसरं काय होणार, म्हणून मी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

एका गार सकाळी ती आरशाला नाक लावून पापणीचा केस काढत होती. मी शेजारी उभी होते. माझ्यापुढची काच धुरकट झाली होती. तिच्यापुढची लख्ख होती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ऊबदार होती, पण जराही हलत नव्हती. "काय झालं ताई?" तिनं विचारलं. मी हात काढून घेतला. मला भीती वाटली होती. पाठच्या बहिणीची भीती वाटावी याची लाजही वाटली.

पुढचा व्हिडिओ मी मुद्दामच न कापता तिला दाखवायचं ठरवलं. उघडून बघितला तर त्यात कापण्यासारखं काही नव्हतंच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही फट नाही. मी तिला म्हटलं, आपण थोडे दिवस हे काम थांबवू.

"कशाला?"

"चिमे, मी तुझं मधलं सगळं कापत आले. ते मधलं म्हणजे तूच होतीस गं, मला तू..."

"मला त्याची गरज नाही," माझं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली.

पूर्वीची चिमी रुसली असती, ब्रश फेकून मारला असता. ही हसली. व्हिडिओच्या मुखचित्रावर लावतो ते हसू. ते तसंच राहिलं.

कंपनीच्या करारावर सही करायला ती गेली त्या दुपारी आई झोपली होती. संध्याकाळपर्यंत येत नाही, असं चिमी सांगून गेली होती. मी 'इतर' उघडलं. जे कापलं ते परत जोडता येईल, माझी बहीण मला परत मिळेल, एवढी एकच वेडी आशा होती.

तुकडे पापणी लवण्याइतके छोटे असायला हवे होते. ते वाढले होते.

पहिल्या तुकड्यात चिमीनं श्वास घेतला. मग आवंढा गिळला. मी तिथंच कापलं होतं, पण तुकडा चालूच राहिला. तिनं नाक खाजवलं. जांभई दिली. सवयीनं मागे रेलली आणि स्टुलावरून पडता पडता वाचली.

मी हसले. मग मला रडू आलं. किती दिवसांनी दिसत होती ती.

पुढचा तुकडा. ती नुसती बसून होती, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

त्याच्या पुढचा. ती उठून मोबाइलच्या अगदी जवळ आली. काच तिच्या श्वासानं धुरकट झाली. ती तिनं तळव्यानं पुसली.

"ताई," ती कुजबुजली, "ती गेली का?"

मी पडद्याकडे वाकले. मग हळूच बोलले. "गेली. संध्याकाळपर्यंत नाही यायची."

तिनं सुस्कारा सोडला. "मग मला लवकर..."

ती थांबली. तिची नजर माझ्यावरून सरकून माझ्या खांद्यामागे गेली.

दार वाजलं नव्हतं.

पडद्यातल्या चिमीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि श्वास रोखून धरला.