केतकीच्या झऱ्याचं पाणी

या, जरा पुढे सरकून बसा. दारातल्यांनीही आत या. एका सवतीची आणि पेलाभर पाण्याची गोष्ट सांगायची आहे.

मृणालच्या ओट्यावर जलकार होता. हे यंत्र नळाच्या पाण्यातले सगळे क्षार काढून घेई आणि हवे तेवढे पुन्हा घाली. एखाद्या झऱ्याची क्षारपत्रिका, म्हणजे कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती, वायू किती, एवढं भरलं की त्या झऱ्याचं पाणी पेल्यात हजर.

तिच्या नवऱ्याला, निरंजनला, जेवणाआधी फेसाण्याचंच पाणी लागे. फेसाणे हे त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचं, केतकीचं माहेर. तिथला झरा मुळातच बुडबुड्यांचा. बोगद्याच्या सुरुंगांनी तो आटला. उरली ती यंत्रातली पत्रिका. निरंजन डोळे मिटून घोट घेई, आणि इकडे मृणालची पोळी करपे.

"माझ्या आमटीला कधी डोळे मिटलेत का हो?" तिनं एकदा विचारलंच.

"आमटी बघून खावी लागते. मिरची येते मध्ये," तो हसला.

त्या दिवसापासून ती रोज एखादा आकडा कणभर हलवू लागली. यंत्र जुना आकडा पुसून नवा ठेवी. फरक कळू नये म्हणून आधी स्वतः चाखे. बुडबुडे तेवढे राखले; वर्षभरात बाकी चव तिच्या माहेरच्या विहिरीची झाली.

अविधवा नवमीला केतकीच्या नावानं सवाष्ण म्हणून तिची धाकटी बहीण शलाका जेवायला आली. पहिल्याच घोटाला थबकली.

"भावोजी, हे आमचं पाणी नाही."

मृणालच्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला.

"तेच आहे गं. इतकी वर्षं पितोय, माझी जीभ चुकेल होय?"

"असेल बाई. झरा आटला तेव्हा मी नऊ वर्षांची होते," म्हणत तिनं पेला संपवला.

मृणाल जिंकली होती. आत जाऊन तिनं डोळे मिटले. फेसाण्याच्या मूळ पाण्याची आधी सुईसारखी टोच, मग लोखंडाची तुरट कड, शेवटी जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा गोडवा. सगळं लख्ख आठवलं. वैरानंही ध्यास लागतो, असं बुवा कीर्तनात सांगतात ते खोटं नाही. प्रेम करणारा विसरला, आणि केतकी राहिली ती सवतीच्या जिभेवर.

आता तिनं आकडे पुन्हा जुळवले, तर निरंजनच म्हणेल, हे केतकीचं पाणी नव्हे. मग खरं कोणाचं धरायचं?

तुम्ही एवढंच करा: आज घरी जाऊन पाणी प्याल, तेव्हा फेसाण्याच्या केतकीची आठवण काढा.