नऊ नंबरची बेल

नऊ नंबरच्या कॉटखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, आणि माझ्या हातातलं रजिस्टर खाली पडलं.

बंद वॉर्ड, बारा रिकाम्या कॉट, दुपारचे साडेतीन व्हायला आलेले. खिडकीबाहेर परतीचा पाऊस चिकचिक करत होता. आणि ते पाय... हलले.

"भिऊ नका जी. जिताच आहो मी," कॉटखालून आवाज आला.

बाहेर निघाला तो तिशीच्या आतला एक पोरगा. केसांत जाळं, दातांत टेस्टर.

"टेकचंद. वायरमन. बेल वाजते म्हणून चिठ्ठी तुमीच लिहिली ना?"

"हो, भाऊ."

"पाहा मग." त्यानं तारेची दोन तुटकी टोकं पुढे केली. "वॉर्ड बंद झाला तवा मीच कापली होती. याच्यात करंटच नाही, तं बेल वाजंन कशी?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं फक्त.

साडेतीन. टेबलाजवळच्या बोर्डावर नऊ नंबरचा लाल दिवा लागला, आणि बेल वाजली. लांब, थकलेली... कुणीतरी बोट काढायलाच विसरल्यासारखी.

टेकचंदनं हातातल्या तारेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी सवयीनं बोर्डावरचं बटण दाबून बेल बंद केली. चार महिने मी एवढंच करत होते. कॉटजवळ जायची माझी हिंमत नव्हती.

"लिहा," मी म्हटलं.

"काय लिहू?"

"तुमच्या कामाच्या चिठ्ठीवर. बेल वाजली, तार नव्हती, वेळ साडेतीन. आम्हा नर्सेसमध्ये एक आहे — लिहिलं नाही ते झालंच नाही."

"लोक मले येडा म्हणतीन ना."

"मला तर म्हणतातच. सोबत होईल."

तो हसला. मग लिहिलं त्यानं. सहीसकट.

आता मी त्या वॉर्डात का होते ते सांगते. मे महिन्यात नऊ नंबरवर दिघोरीच्या रुखमाबाई होत्या. आयुष्यभर चिखलात वाकून धानाचं रोवणं, म्हणजे भातलावणी, केलेली बाई, पायांना भेगा. "पोरी, काम नसलं तरी बेल वाजवतो मी," म्हणायच्या, "तू आली का बरं वाटते." त्या दुपारी साडेतीनला त्यांनी बेल वाजवली तेव्हा मी शेजारच्या वॉर्डात एका झटके आलेल्या माणसाला धरून होते. दोन वॉर्ड, एकतीस पेशंट, नर्स मी एकटी. पोचायला सात मिनिटं लागली. तोवर बाई गेल्या होत्या.

मी लेखी तक्रार केली. एक प्रत हॉस्पिटलला, एक भंडाऱ्याच्या कामगार कार्यालयात, आणि तिसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती घरी पिठाच्या डब्याखाली ठेवली.

मेट्रन गोदावरी मॅडम म्हणाल्या, "सही तू एकटीनंच केली, मेघा. बाकीच्या पोरी शहाण्या आहेत." मग दुरुस्तीच्या नावाखाली तो वॉर्ड बंद झाला, आणि माझी ड्यूटी त्याच बंद वॉर्डात लागली. आठ ते चार. दर तासाला लिहायचं, कॉट जागेवर आहेत. बाहेर पाऊल टाकलं की गैरहजर. मी कंटाळून राजीनामा द्यावा, एवढाच बेत. मी म्हटलं, ऑर्डर लेखी द्या. दिली. रीता, माझी जिवाची मैत्रीण, जेवताना डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. तिला तरी काय बोलू, तिच्या घरी दोन लेकरं आहेत. पण रडू यायचं हो.

टेकचंद तिसऱ्या दिवशी परत आला. मग परत. वरठीहून मोटरसायकलवर यायचा, दरवेळी हातात चिठ्ठी आणि रुमालात काहीतरी. एकदा तळ्यातले शिंगाडे, उकडलेले, कोमट.

"काहून जेवत नाही तुमी? तोंड पाहा कसं झालं."

"तुम्ही बेल दुरुस्त करायला येता का माझं तोंड पाहायला, भाऊ?"

"एक करा ना सिस्टर. भाऊ नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"सध्या... वायरमन म्हणा."

शिंगाडे सोलताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं आणि दोघांनीही हात मागे घेतले. तेवढ्यात तो एकदम थांबला. नऊ नंबरकडे पाहत होता.

"ते चादर कोण चुरगाळली जी?"

चादर मी सकाळीच ताठ घातली होती. आता मधोमध खोलगट झाली होती, एका बारक्या बाईच्या अंगाएवढी.

"आणि वास..." तो हळूच म्हणाला. "रोवण्याचा चिखल आहे हा. या दिवसांत कुठून येऊन राहिला?"

घड्याळात साडेतीन. बेल वाजली. त्यानं माझा हात धरला, आणि मी सोडवून घेतला नाही. बटण डाव्या हातानं दाबलं.

दिवाळीच्या तोंडावर नोटीस आली. मीच इमानदारीनं रजिस्टरात केलेल्या नोंदी माझ्यावरच उलटवल्या होत्या. रिकाम्या कॉटची बेल वाजते असं ही नर्स लिहिते, तिची मानसिक स्थिती बरी नाही, तर नोकरीवरून का काढू नये? आणि असा शिक्का घेऊन गेलेल्या नर्सला पुढे कोण दारात उभं करतं? आठ वर्षांची नोकरी, माझं नाव, सगळंच त्या कागदावर होतं.

टेकचंदनं नोटीस दोनदा वाचली. "सुनावणी कवा हाये?"

"सोमवारी, भंडाऱ्याच्या कामगार कार्यालयात. माझ्या तक्रारीसोबतच. पण तुम्ही येऊ नका. तुमचा ठेकेदार तुम्हाला काढून टाकेल."

"येईन," एवढंच म्हणाला.

सोमवारी कामगार अधिकारी मॅडमपुढे त्यानं अकरा चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर तेच — बेल वाजली, तार नव्हती, साडेतीन, सही.

मॅडमनी चष्मा वर केला. "पहिली तक्रार सिस्टरची. उरलेल्या दहा चिठ्ठ्यांवर तक्रार करणारे तुम्हीच?"

"हो जी."

"का?"

त्याचे कान लाल झाले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चिठ्ठीबिगर तिथं जाता येत नव्हतं. आणि मले... जायचं होतं जी."

मी मान खाली घातली. गोदावरी मॅडम खाकरल्या.

"भुताचं माझ्या खात्यात येत नाही," अधिकारी मॅडम म्हणाल्या. "बेल दोघांनी ऐकली, तर एकटीला वेडी ठरवता येणार नाही. माझ्या खात्यात येते ती मे महिन्याची ड्यूटी लिस्ट. ती दाखवा."

लिस्टवर दोन वॉर्डांपुढे एकच नाव होतं, माझं. आणि बदलीच्या ऑर्डरवर तारीख होती, तक्रारीनंतर आठव्या दिवसाची. नोटीस मागे घ्यावी लागली, बदली रद्द झाली, आणि प्रत्येक वॉर्डाला एक नर्स द्यायचं हॉस्पिटलनं लिहून दिलं. ठेकेदारानं टेकचंदला दुसऱ्याच दिवशी काढलं. तो म्हणे, वरठीत घरं बांधून राहिले लोक, वायरिंगले तोटा नाही.

बंद वॉर्डातला शेवटचा दिवस. ड्यूटी सोडताना आम्ही पुढच्या नर्सला एकेका कॉटची ओव्हर देतो, कुणाचं काय चाललंय ते सांगून सोपवतो, त्याशिवाय पाय निघत नाही. इथे ओव्हर घ्यायला कुणी नव्हतं. म्हणून त्याला बोलावलं.

साडेतीनला बेल वाजली. माझा हात बटणाकडे गेला... आणि मी तो मागे घेतला.

"चला," मी म्हटलं.

बारा पावलं होती. इतकीच. मी नऊ नंबरच्या कडेवर बसले. चादर ओलसर होती, चिखलाचा वास दाटला होता. टेकचंद माझ्यामागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"आली मी, रुखमाबाई," मी म्हटलं. "उशीर झाला. माफ करा मले."

बेल थांबली. कुणी बटण दाबलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर चादर हळूहळू वर आली आणि सपाट झाली. मी तिथेच बसून पोटभर रडले, आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

मग टेबलाशी येऊन मी रजिस्टरात शेवटची ओळ लिहिली. साडेतीन, नऊ नंबरची बेल वाजली, दोघं गेलो.

त्यानं खांद्यावरून वाचलं. "दोघं? हे आजच्यापुरतं का... नेहमीचं?"

"लिहिलं आहे ना," मी म्हटलं, आणि पेन त्याच्या हातात दिलं. "तुम्ही पण सही करा."